गळ्यात ख्रिस्तप्रसाद असताना

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर मी शाळेतल्या मराठीच्या बाईंचं नाव घेतो. इथे ते लिहीत नाही. "आपलं नाव एकदाच छापून यावं, तेही निधनवार्तेत," असं त्यांचं मत आहे, आणि त्या अजून ठणठणीत आहेत. म्हणून नुसतं बाई म्हणतो.

मी दहावीत असताना माझे वडील नारळाच्या झाडावरून पडले. ते गिरीजमधल्या एका मोठ्या वाडीत मजुरीला होते. नारळ पाडणं, केळींना पाणी लावणं, मोगऱ्याची छाटणी, सगळं तेच करायचे. कमरेचं हाड मोडलं. घरात मुलांत मी मोठा, म्हणून पहाटे त्यांच्या जागी मी वाडीत जाऊ लागलो आणि शाळेत पहिल्या तासाला डुलक्या काढू लागलो. आठेक दिवसांनी निबंधाच्या वह्या तपासताना बाईंनी माझं बिघडलेलं अक्षर पाहिलं, मला टेबलाशी बोलावलं आणि माझा तळहात उलटा करून पाहिला. संध्याकाळी आमच्या दारात उभ्या. बाई हिंदू, जवळच्या होळी गावच्या बागायतदार घरातल्या. आमच्या घरात तोवर फादर सोडले तर शिकलेलं माणूस कोणी आलं नव्हतं.

"काय मदत हवी?" त्यांनी वडिलांना विचारलं.

"काही नको, बाई."

"'काही नको' हे उत्तर चुकीचं आहे. पुन्हा सांगा."

आई आधी हसली, मग पदर तोंडाला लावून आत गेली. बाई तिथून उठून थेट वाडीच्या मालकांकडे गेल्या. मी फक्त रविवारी कामाला येईन आणि वडील बरे होईपर्यंत त्यांची जागा आणि आमची खोली राहील, एवढं कबूल करून घेतलं. पुढचे चार महिने मी बाईंच्या पडवीत बसून अभ्यास केला. आमच्या सात पिढ्यांत पहिला पदवीधर मी. आज तुळिंजमधल्या एका शाळेत विज्ञान शिकवतो.

त्या मालकांना मी काका म्हणतो. त्यांनी शब्द पाळला. वडिलांना पुढे झाडावर चढता येईना, तर बसून करायची कामं देऊन आणखी बारा वर्षं ठेवलं. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी त्यांच्याविरुद्ध उभा राहिलो त्याबद्दल लिहिणार आहे, आणि त्या माणसाचं चांगलं झाकून मला माझं खरं करायचं नाही.

आमच्या चर्चमध्ये दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी घरी अंथरुणाला खिळलेल्या लोकांना ख्रिस्तप्रसाद, म्हणजे वेदीवर ख्रिस्ताचं शरीर झालेली पातळ भाकर, नेऊन देतात. फादर एकटे किती घरं करणार, म्हणून काही प्रापंचिक माणसांना ती सेवा दिलेली असते. त्या सेवकांचे प्रमुख काका. दोन वर्षांपूर्वी त्यांनीच माझं नाव सुचवलं. पहिल्यांदा ख्रिस्तप्रसादाची छोटी डबी कापडी बटव्यात घालून माझ्या गळ्यात अडकवली, तेव्हा वडील काठी टेकत चर्चच्या दारापर्यंत आले होते. आम्ही कायम मागच्या बाकावर बसणारी माणसं. त्यांनी माझ्या छातीकडे पाहून क्रुसाची खूण केली, आणि मी त्यांच्या नजरेतून निसटून झपाझप चालू लागलो, नाहीतर तिथेच रडलो असतो.

काकांनी शिकवलेला नियम सोपा होता. "गळ्यात देव आहे. वाटेत थांबायचं नाही. कोणाशी बोलायचं नाही. मोबाइल बंद. वेदीवरून निघायचं ते आजाऱ्याच्या खाटेशी."

मी तो काटेकोर पाळला. लोक ओळखून बाजूला व्हायचे, बायका डोक्यावर पदर घ्यायच्या. खोटं कशाला बोलू, ते मला आवडायचं.

मागच्या ईस्टरआधीच्या उपवासकाळात आलेला महिन्याचा पहिला शुक्रवार. चर्चमधली सकाळची उपासना, मिस्सा, संपवून मी चार घरांसाठी निघालो. काकांच्या वाडीच्या कुंपणभिंतीशी एक बाई टेकून बसलेली दिसली. मोगऱ्याची टोपली बाजूला कलंडलेली, कळ्या मातीत. मी तिला तोंडओळखीने जाणत होतो. ती जव्हारकडची, नवऱ्याबरोबर आलेली, काकांच्या वाडीत कळ्या खुडायची आणि वाडीच्या टोकाच्या कामगारांच्या खोलीत राहायची. नवरा बांधकामावर, पंधरा-पंधरा दिवस बाहेर. तिने माझ्याकडे पाहून काहीतरी आवाज केला. शब्द नव्हता तो. तिचं तोंड एका बाजूला ओढल्यासारखं मला दिसलं. दिसलं, हे मी आज शपथेवर सांगतो. मी बटव्यावर हात ठेवला, मनात म्हटलं, परत येताना बघू, आणि पुढे गेलो. चर्चच्या घड्याळात आठ वाजून पाच मिनिटं झाली होती.

बायबलातला दयाळू शोमरोनी माणसाचा दाखला मी मुलांना धर्मशिक्षणात दोन वेळा शिकवलेला. वाटेवर पडलेल्या माणसाला टाळून आधी याजक, म्हणजे पुजारी, जातो, मग मंदिराचा सेवक लेवी. मुलं विचारायची, "सर, ते का थांबले नाहीत?" मी सांगायचो, त्यांच्या मनात दया नव्हती. मला काय माहीत होतं! त्यांच्याही गळ्यात काहीतरी पवित्र असेल.

तीन घरं झाली. चौथं काकांचंच. त्यांची आई तिथे खिडकीशी खाटेवर असते. नव्वदीची, पाय गेलेले, जीभ शाबूत. तिने ख्रिस्तप्रसाद घेतला, डोळे मिटले, उघडले आणि विचारलं, "ती कळीवाली कुठे गेली रे?" ती आमच्या बोलीत बोलते, मी शाळेतल्या मराठीत लिहितो. "रोज या वेळेला खिडकीखालून जाताना मला हाक मारते. आज नाही मारली. बघ जरा."

अंथरुणावरच्या म्हातारीच्या जे ध्यानात आलं होतं ते मी रस्त्यावर डोळ्यांनी पाहून सोडून आलो होतो. मी धावलो. डबी आता रिकामी होती, म्हणून मी थांबायला मोकळा होतो. हा विचार तेव्हाही आला आणि त्याची किळसही तेव्हाच आली.

ती तिथेच होती, आता पूर्ण आडवी. रिक्षात घालून हॉस्पिटलला नेली. डॉक्टर तरुण होत्या, भरभर विचारत होत्या.

"पक्षाघात आहे. कधी सुरू झालं, कोणी पाहिलं?"

"मी. आठ वाजून पाच मिनिटांनी."

त्यांनी घड्याळ पाहिलं. नऊ वाजून गेले होते. "तुम्ही पाहिलंत? मग तेव्हाच का नाही आणलंत?"

मी विज्ञानाचा शिक्षक. मेंदूला रक्त पोचलं नाही तर काय होतं ते फळ्यावर आकृती काढून शिकवतो. नातेवाईक म्हणून सही करायला कोणी नव्हतं, तर ती मी केली.

ती वाचली. बारा दिवसांनी घरी आली ती उजवा हात लोंबता घेऊन. डॉक्टरांनी नवऱ्याला आणि मला समोर बसवून सांगितलं, "हाताला परत आणायचं असेल तर पहिले तीन महिने महत्त्वाचे. आठवड्यातून तीनदा व्यायामाला इथे आणा, बाकीचे दिवस घरी करा. हे सोडून गावाला नेऊ नका. तिकडे हे कोण करणार?"

तीन महिने. त्या हातावर तिचं सगळं होतं. कळी खुडायची ती अंगठा आणि दोन बोटांत धरून, देठाशी झटका देऊन. डाव्या हाताने ते होत नाही, झाड ओरबाडलं जातं.

आणि त्याच आठवड्यात काकांनी तिच्या नवऱ्याला खोली रिकामी करायला सांगितली. खोली कामाबरोबरची होती. मोगऱ्याचा हंगाम भरात आलेला, खुडायला दुसरं जोडपं आणायचं तर त्यांना ठेवायचं कुठे?

मी काकांकडे गेलो.

"बस. चहा घे," काका म्हणाले. "गावाला जायला मी गाडी करून देतो. वर दोन पोती तांदूळ. अजून काय करू?"

"तीन महिने खोली राहू द्या, काका."

"आणि कळ्या कोण खुडणार, तू?"

"माणूस शोधू."

"अरे, काम असेल तोवर खोली, हा वाडीचा कायदा आहे. तुझ्या बापाच्या वेळी मोडला, बरोबर? तो आपला होता. आता प्रत्येकासाठी मोडत बसलो तर वाडीचा अनाथाश्रम होईल." मग थोडं हसून, "तू मुलांना बेडूक शिकव. वाडी मला शिकवू नको."

'तो आपला होता' हे वाक्य मला लागलं. कारण त्या पडण्याच्या दिवसांत आमच्यासाठी त्यांच्या दारात उभी राहिलेली बाई आमची नव्हती. ना आमच्या धर्माची, ना आमच्या वाडीची.

मी फादरांना भेटलो. नवीन, तरुण, भला माणूस. ते म्हणाले, "मी बोलतो त्यांच्याशी. थोडा वेळ दे मला." मी विचारलं, "वाटेत थांबायचं नाही, हे खरंच कुठे लिहिलंय का, फादर?" ते म्हणाले, "तसं लिहिलेलं नाही. उगाच रेंगाळू नये, एवढंच. पण इथली जुनी रीत आहे. ती एकदम मोडू नये." फादरांनी वेळ मागितला तो त्यांना मिळाला. तिला कुठे होता?

पुढच्या महिन्याचा पहिला शुक्रवार आला. डबी गळ्यात घेऊन मी निघालो आणि पहिल्या घराआधी तिच्या खोलीशी वळलो. ती दारात पायरीवर बसली होती. मी समोर बसलो, तिचा हात मांडीवर घेतला आणि हॉस्पिटलात दाखवलेला व्यायाम सुरू केला. एकेक बोट उघडायचं, मिटायचं.

"दादा," ती अडखळत म्हणाली, "हात... माझा नाय. लाकूड हाय."

"लाकडाला पालवी फुटते."

"मेल्या लाकडाला नाय फुटत." आणि वाकड्या तोंडाने हसली. झाडांबद्दल तिला मी काय शिकवणार!

फाटक वाजलं. काका उभे होते. माझ्या छातीवरच्या बटव्याकडे बघत होते.

"गळ्यात काय आहे त्याचं भान आहे का तुला?"

"आहे. म्हणूनच थांबलो."

"नियम काय सांगितला होता मी?"

"मागच्या महिन्यात पाळला, काका. त्याचं काय झालं ते हे बघा." मी तिचा हात उचलून दाखवला. असं दाखवायला नको होतं. तिने मान खाली घातली. पण मी तेव्हा फार चिडलेला होतो, आणि सर्वांत जास्त स्वतःवर.

"देवाला मजुराच्या पायरीवर बसवलंस तू," काका म्हणाले. त्यांना खरंच दुखलं होतं, सोंग नव्हतं ते.

"तो गोठ्यात जन्मला, काका. पायरी त्याला जड जाणार नाही."

तेवढ्यात समोरच्या खिडकीतून म्हातारीचा आवाज आला. "अरे ए शहाण्यांनो! मी ख्रिस्तप्रसादासाठी पहाटेपासून चहा घेतला नाही. भांडण नंतर करा, आधी कोणीतरी मला वाढा!"

कळीवाली फस्सकन हसली. काका हसले नाहीत.

रविवारी मिस्सेनंतर सेवकांची बैठक झाली. काकांनी सगळ्यांसमोर विचारलं, "यापुढे वाटेत थांबणार नाही, असं सांग. मी विषय इथेच सोडतो." फादर टेबलावरचं पेन सरळ करत होते. सात माणसं माझ्याकडे पाहत होती. त्यांतल्या तिघांच्या बागेत माझ्या वडिलांनी कधी ना कधी काम केलेलं.

"असं वचन मी देणार नाही," मी म्हणालो. "वाटेत कोणी पडलेलं दिसलं तर थांबेन. बसलेलं दिसलं तरी विचारेन. डबी गळ्यात असताना तर नक्कीच."

"मग डबी ठेव."

मी बटवा काढून टेबलावर ठेवला. मानेला दोरीची सवय झाली होती, ती जागा एकदम उघडी वाटली. बाहेर आल्यावर फादर मागून आले. "वाईट नाही वाटत तुला?" "फार वाटतंय, फादर. पण चूक केल्यासारखं नाही वाटत."

घरी वडिलांना सांगितलं. त्यांनी काठी भिंतीला टेकवली. मग म्हणाले, "ज्याचं मीठ खाल्लं त्याच्याशी वैर करू नये, पोरा."

"वैर नाही करत. ते म्हणाले, काम असेल तोवर खोली. हो ना? मग काम चालू ठेवतो."

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला मी आणि माझी बायको काकांच्या वाडीत तिच्या वाट्याच्या ओळींत उतरलो. कळ्या ऊन चढायच्या आत, मिटलेल्या असताना खुडाव्या लागतात, म्हणून शाळेच्या वेळेआधी ते जमत होतं. वडीलही आले. बांधावर स्टूल टाकून बसले आणि काठीने दाखवू लागले, "ती राहिली. ती उद्याची, तिला हात लावू नको. अरे, कळी खुड, गळा दाबू नको!" दोन दिवस कुरकुरले आणि तिसऱ्या दिवशी त्यांनीच आम्हाला उठवलं. कळीवाली ओळीच्या टोकाला बसून डाव्या हाताने मोठ्या-लहान कळ्या वेगळ्या करायची.

काका आले. टोपली उचलून पाहिली. कळ्या बऱ्यापैकी होत्या.

"लाज नाही वाटत? मास्तर माणूस तू. मिस्सेला जाणारे सगळे बघतात भिंतीवरून."

"बघू द्या. या ओळी मी दहावीत असताना खुडल्यात, काका. मला यात नवीन काही नाही."

"लोक मला नावं ठेवतात."

"माझी टोपली कमी भरली तर सांगा. तेवढंच कामाचं बोलणं."

ते निघून गेले. पण खोलीबद्दल पुन्हा बोलले नाहीत. स्वतःचाच कायदा होता, मोडणार कसे? आणि मी तरी त्यांना कायदा मोडायला कुठे सांगत होतो?

लोक बोलले. चर्चच्या आवारात एकाने विचारलं, "काय मास्तर, प्रमोशन झालं का? देव सोडून फुलं?" दुसऱ्याने मी निवडणुकीला उभा राहणार असल्याची बातमी पसरवली. एका बाईने मात्र काही न बोलता आठवड्यातला एक दिवस उचलला. त्या दिवशी तीच रिक्षाने कळीवालीला व्यायामाला नेते. म्हातारीकडे आता दुसरा सेवक जातो. ती म्हणते, "नाकात बोलतो. पण असू दे, येशू तोच आहे."

मला ती सेवा परत हवी आहे का? हवी आहे. रोज हवी आहे. तरी ज्या अटीवर मिळेल ती अट मी मानणार नाही, आणि हे मी नम्रपणे वगैरे म्हणत नाही. परमेश्वराचं शरीर छातीवर घेऊन मी एकदा एका माणसाला ओलांडून गेलो आहे. पुन्हा जाणार नाही. कोणी सांगितलं तरी.

काल मी बाईंना पत्र लिहिलं. त्या मोबाइलवर वाचत नाहीत, म्हणून कागदावर, पोस्टाने. ते असं:

आदरणीय बाई,

सा. न. वि. वि.

तुमच्या कानावर काहीबाही आलं असेल, म्हणून मीच कळवतो. मला चर्चच्या सेवेतून काढलं आहे आणि मी पहाटे मोगरा खुडतो. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. लोक सांगतात त्यात मी फार मोठा दिसतो, किंवा फार उद्धट. तुम्हाला खरं सांगतो. मी त्या बाईला पडलेली पाहिली आणि थांबलो नाही. तासभर उशीर केला. पुढचं सगळं त्या तासामुळे आहे.

तीन महिने येत्या गुरुवारी पुरे होतात. तिला आता पेला धरता येतो. काल तिने उजव्या हाताने एक कळी देठापर्यंत पकडली, पण झटका देता आला नाही. डॉक्टर म्हणतात, सोडू नका, अजून येईल. काकांनी खोलीला हात लावलेला नाही. मी त्यांना दिसलो की नमस्कार करतो, तेही करतात.

आता अडचण ही की पावसाला सुरुवात झाली, मोगरा संपत आला. काम संपलं की खोली संपली, आणि काका तेवढंच बोलतील. तुमच्या जावेकडे पावसाळ्यात लिलीच्या फुलांचं काम निघतं, असं ऐकतो. तिथे ती डाव्या हाताने जुड्या बांधू शकेल, उजवा मदतीला. मला उपकार नकोत, तिला काम हवं आहे. काम असेल तिथे खोलीचं मी बघतो, नाही मिळाली तर आमच्या पडवीत जागा आहे. बायकोशी बोललो आहे, वडिलांशी बोलायचं बाकी आहे.

हो की नाही, ते उलट टपाली कळवा. टपाल उशिरा पोचतं, तेव्हा उत्तर येवो न येवो, मी रविवारी मिस्सेनंतर तिला घेऊन होळीला तुमच्याकडे येतोच आहे. जावेला घरी थांबायला सांगा. त्या नाही म्हणाल्या तर मी तिथेच बसून पुन्हा विचारीन.

आपला विद्यार्थी